‘ड्रंकन मास्टर टू’: तुम्ही नक्की कोणता पाहिलात?

जॅकी चॅनच्या ‘ड्रंकन मास्टर टू’चा शेवट काय, असं दोन चाहत्यांना विचारलं तर दोन उत्तरं मिळू शकतात. एक सांगेल, पोलादाच्या कारखान्यातली मारामारी संपते, खलनायक आडवा होतो आणि सिनेमा संपतो. दुसरा म्हणेल, छे, त्यानंतर आणखी एक प्रसंग आहे, आणि तो बघून हसावं की गप्प बसावं तेच कळत नाही. दोघंही खरं बोलत असतात. फक्त दोघांनी पाहिलेला सिनेमा एक नसतो.

हे आत्ता सांगायचं कारण म्हणजे जुन्या हाँगकाँग सिनेमांना सध्या बरे दिवस आलेत. जानेवारी २०२५मध्ये ‘शाउट स्टुडिओज’ या अमेरिकन कंपनीनं हाँगकाँगच्या ‘गोल्डन प्रिन्सेस’ या चित्रपट कंपनीचे १५६ चित्रपट एका फटक्यात घेतले. त्याआधीपासूनच अमेरिका-इंग्लंडातल्या छोट्या-मोठ्या कंपन्या जुने कुंग-फूपट नव्यानं साफसूफ करून डिस्कवर आणत होत्या. वेष्टनावर ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं: ‘४के’, ‘रिस्टोअर्ड’, ‘अनकट’. किंमत वाचली की घाम फुटतो. मग प्रश्न पडतो की जो सिनेमा आपण केबलवर दहादा पाहिलाय, त्यात आता नवीन काय असणार? बरंच काही असू शकतं. आणि कधीकधी काहीच नसतं.

आधी सिनेमाबद्दल थोडं

‘ड्रंकन मास्टर टू’ हाँगकाँगमध्ये १९९४च्या चिनी नववर्षाच्या सुमारास लागला. नायक वाँग फेई-हुंग. हा माणूस खरोखर होऊन गेला. एकोणिसाव्या शतकात दक्षिण चीनमधल्या ग्वांगडाँग प्रांतातला वैद्य आणि कुंग-फूचा गुरू. १९४९पासून त्याच्यावर कँटनीज या हाँगकाँग-ग्वांगडाँगकडच्या चिनी भाषेत इतके चित्रपट निघाले की एखाद्या संतावर निघाले नसतील. जॅकी चॅननं ही भूमिका पहिल्यांदा १९७८च्या ‘ड्रंकन मास्टर’मध्ये केली, त्यानंतर सोळा वर्षांनी हा दुसरा भाग आला.

दिग्दर्शक लाऊ कार-लियुंग. त्यांचे वडील ज्या गुरूकडे शिकले, तो स्वतः वाँग फेई-हुंगचा शिष्य होता. म्हणजे पडद्यावरच्या नायकाची विद्या दिग्दर्शकाच्या घरात परंपरेनं आलेली. लाऊंना अस्सल, जमिनीवर पाय रोवलेली कुंग-फू हवी होती, जॅकीला आपल्या धाटणीचे जीवघेणे स्टंट. दोघांचं बिनसलं, लाऊ मधूनच बाहेर पडले आणि कारखान्यातली शेवटची मारामारी जॅकीनं स्वतः दिग्दर्शित केली. त्या एका मारामारीच्या शूटिंगला महिनोन् महिने लागले. जॅकी निखाऱ्यांवरून पाठीमागे सरपटत जातो ते दृश्य त्यातलंच.

पात्रयोजना बघून मात्र हसू येतं. जॅकी तेव्हा चाळिशीला टेकलेला, बापाच्या भूमिकेतला टी लुंग त्याच्याहून जेमतेम आठ वर्षांनी मोठा आणि सावत्र आई झालेली अनिता मुई त्याच्याहून नऊ वर्षांनी लहान! पण ती अशी काही धमाल करते की हा हिशोब कुणी मांडत बसत नाही.

फिल्म ते डिस्क

त्या काळी सिनेमा ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर चित्रित व्हायचा. कॅमेऱ्यातून निघालेली मूळ फिल्म म्हणजे निगेटिव्ह. तिच्यावरून मधली एक-दोन रूपं तयार होत आणि त्यांवरून थिएटरला जाणाऱ्या प्रिंट निघत. प्रत्येक टप्प्यावर बारकावे थोडे पुसले जात, सावल्या जास्त काळ्या होत. झेरॉक्सची झेरॉक्स काढत गेलं की अक्षरं कशी फुटतात, तसंच. त्यामुळे डिस्क बनवणाऱ्यानं निगेटिव्ह स्कॅन केली की थिएटरमध्ये फिरून घासलेली प्रिंट, यावर चित्राचा निम्मा निकाल लागलेला असतो. या स्कॅनवरून तयार होणाऱ्या अंतिम डिजिटल प्रतीला ‘मास्टर’ म्हणतात. डिस्क, टीव्ही, स्ट्रीमिंग सगळीकडे मग तोच मास्टर फिरतो.

आपल्याकडे रस्त्यावर मिळायच्या त्या व्हीसीडीच्या एका फ्रेममध्ये साधारण एक लाख ठिपके असायचे. पाल या आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीच्या डीव्हीडीत चार लाखांच्या वर. ४केमध्ये सुमारे ८३ लाख, म्हणजे डीव्हीडीच्या वीसपट. आकडा भारीच आहे, पण कोणत्या फिल्मवरून स्कॅन केलं हे तो सांगत नाही. घासलेल्या प्रिंटचं ४के स्कॅन केलं तर ओरखडे ८३ लाख ठिपक्यांत दिसतील, इतकंच.

दुसरी भानगड चौकटीची. हा सिनेमा रुंद पडद्यासाठी काढलेला आहे, लांबी उंचीच्या २.३५ पट. जुन्या टीव्हीचा पडदा जवळजवळ चौकोनी, १.३३ पट. तो भरून काढायला दोन्ही बाजू छाटायच्या, म्हणजे सुमारे ४३ टक्के चित्र गायब. प्रेमप्रसंगात हे एकवेळ चालून जातं. पण इथं सुरुवातीलाच जॅकी आणि लाऊ कार-लियुंग स्वतः, दोघं रेल्वेच्या डब्याखालच्या अरुंद जागेत वाकून भाला आणि तलवार घेऊन भिडतात. ती मारामारी उभ्यात होतच नाही, सगळी आडवी पसरत जाते. कडा छाटल्या की भाल्याचं टोक दिसतं आणि ज्याच्यावर ते रोखलंय तो माणूस बाहेर. केबलवर हे सिनेमे पाहून ‘नुसता गोंधळ असतो’ असं मत झालेल्यांनी गोंधळ कुणी घातला ते एकदा तपासावं.

तिसरी गोष्ट वेगाची. सिनेमाचा नेहमीचा वेग सेकंदाला २४ फ्रेम. मारामारीत काही ठिकाणी कॅमेरा मुद्दाम जरा हळू, २२ किंवा २० फ्रेमनं चालवतात. पडद्यावर तेच २४नं चालवलं की हातपाय जास्त चपळ वाटतात. हा हाँगकाँगच्या स्टंट दिग्दर्शकांचा हातचा मसाला. आता भारतात आणि युरोपात टीव्ही पाल पद्धतीचा, त्याचा वेग २५. त्यामुळे पाल डीव्हीडीवर सगळा सिनेमाच ४ टक्के वेगानं पळतो, शंभर मिनिटांचा सिनेमा ९६ मिनिटांत संपतो आणि आवाजही किंचित चिरका होतो. म्हणून कमी मिनिटं दिसली की लगेच ‘कापलाय’ म्हणून ओरडू नये. आधी पाल आहे का ते पाहावं.

मग ४के घेतलं की झालं?

नाही. फिल्मच्या चित्रात बारीक दाणे असतात. ती घाण नव्हे, चित्र त्याच दाण्यांचं बनलेलं असतं. पण काही कंपन्यांना चित्र ‘स्वच्छ’ दाखवायची हौस. त्या सॉफ्टवेअरनं दाणे पुसून टाकतात. मग दाण्यांबरोबर त्वचेची रंध्रं, घाम, कपड्याचा पोतही जातो आणि नायकाचा चेहरा मेणाचा दिसायला लागतो.

रंगाचंही तसंच. रिस्टोरेशन करणारा तंत्रज्ञ आजच्या फॅशनप्रमाणे सगळ्या चित्रावर पिवळट किंवा निळसर झाक चढवू शकतो. हाँगकाँगच्या सिनेमांच्या नव्या मास्टरबद्दल चाहत्यांची ही कायमची तक्रार आहे आणि पुष्कळदा ती खरी असते. जुन्या प्रिंटशी ताडून पाहिल्याशिवाय मूळ रंग कोणता होता हे छातीठोकपणे सांगता येत नाही, त्यामुळे वाद मिटत नाहीत.

स्पष्ट चित्राचा एक उलटा परिणामही होतो. ज्या तारांवर नट उडत होते त्या दिसायला लागतात, नायकाच्या जागी उडी मारणारा स्टंटमॅन ओळखू येतो. तारा पुसाव्यात का? माझ्या मते अजिबात नाही. ज्या माणसानं हाडं मोडून घेतली त्याचा चेहरा तीस वर्षांनी दिसला, तर त्यात काय बिघडलं?

मूळ आवाज म्हणजे कुणाचा?

इथं खरा गुंता आहे. आपण समजतो की सिनेमाला एक मूळ भाषा असते आणि बाकीची डबिंगं. हाँगकाँगमध्ये कित्येक दशकं चित्रपट शूटिंगच्या वेळी आवाज न घेताच चित्रित होत. सेटवर कुणी कँटनीज बोले, कुणी मँडरिन, म्हणजे चीनची अधिकृत भाषा. नंतर स्टुडिओत बसून दोन्ही भाषांतले संवाद वेगवेगळे भरले जात, बऱ्याचदा भलत्याच कलाकारांच्या आवाजात. म्हणजे ‘मूळ’ आवृत्तीसुद्धा डब केलेलीच!

ब्रूस ली हाँगकाँगचा, कँटनीज बोलणारा. पण त्याचा १९७१चा ‘द बिग बॉस’ मँडरिनमध्ये आला, कारण तेव्हा तिथल्या बाजारात मँडरिनची चलती होती आणि कँटनीज सिनेमा जवळजवळ बंद पडला होता. १९७३नंतर कँटनीजला पुन्हा प्रेक्षक मिळाला. ‘द बिग बॉस’चा कँटनीज आवाज १९८३चा, म्हणजे ब्रूस ली जाऊन दहा वर्षं झाल्यावरचा. मँडरिन, इंग्रजी आणि कँटनीज या तिन्ही आवृत्त्यांचं पार्श्वसंगीतही वेगळं. यातला अस्सल कोणता? माझ्या हिशोबानं पहिल्यांदा थिएटरात लागला तो, म्हणजे मँडरिन. कँटनीजवाले मान्य करणार नाहीत.

किंवा १९९१चा ‘वन्स अपॉन अ टाइम इन चायना’ घ्या. त्यातही नायक वाँग फेई-हुंगच. पण तो साकारणारा जेट ली बीजिंगचा, मँडरिन बोलणारा. कँटनीज आवृत्तीत तो जे बोलतो ते दुसऱ्याच माणसाच्या आवाजात. तरीही हाच सिनेमा कँटनीजमध्ये पाहावा असं मी म्हणेन, कारण गोष्ट ग्वांगडाँगमधल्या फोशानची आहे आणि तिथला वैद्य घरात-दारात कँटनीजच बोलणार. ओठ जुळतात की नाही हा प्रश्न त्यानंतरचा.

‘ड्रंकन मास्टर टू’ला हेच लागू. अनिता मुई म्हणजे कँटनीज पॉप संगीतातलं त्या वेळचं केवढं तरी मोठं नाव. तिचा आवाज, तिचं एकदम वरच्या पट्टीत जाणं, नवऱ्यासमोर क्षणात गरीब गाय होणं, यात तिच्या भूमिकेचा निम्मा प्राण आहे. इंग्रजी डबिंगमध्ये तिच्या जागी नुसती किरकिरी बाई ऐकू येते.

हाँगकाँगच्या व्हीसीडीवर यावर एक गमतीशीर तोडगा असायचा. डाव्या चॅनलवर कँटनीज, उजव्यावर मँडरिन. बॅलन्सचं बटण एका टोकाला नेलं नाही तर दोन्ही भाषा एकदम कानावर आदळायच्या. ज्यांनी अशी डिस्क लावलीय त्यांना हा छळ माहीत असेल.

शेवट कुणी कापला?

‘रश अवर’ (१९९८) चालल्यावर अमेरिकेत जॅकी चॅनचं नाणं खणखणीत झालं. तेव्हा मिरामॅक्सच्या ‘डायमेन्शन फिल्म्स’नं हा जुना सिनेमा ऑक्टोबर २०००मध्ये ‘द लेजंड ऑफ ड्रंकन मास्टर’ या नावानं तिकडच्या थिएटरांत लावला. संवाद इंग्रजीत डब केले. पार्श्वसंगीत काढून नवं घातलं. आणि शेवटचा प्रसंग कापला.

काय होता तो प्रसंग? कारखान्यात केन लोच्या लाथा खाऊन जॅकीची वाट लागलेली असते. (केन लो प्रत्यक्षात जॅकीचा अंगरक्षक. एका पायावर उभा राहून दुसऱ्यानं सटासट लाथा मारतो, ते एकदा पाहाच.) मद्यधुंद मुष्टियुद्धासाठी, म्हणजे पिऊन झोकांड्या खात लढायच्या त्याच्या कुंग-फूसाठी, दारू हवी, ती नसते, म्हणून तो कारखान्यातलं औद्योगिक अल्कोहोल पितो आणि जिंकतो. हाँगकाँगच्या आवृत्तीत यानंतर दाखवलंय की त्या अल्कोहोलमुळे त्याची दृष्टी गेलीय आणि डोकंही ठिकाणावर राहिलेलं नाही. तेही रडवेपणानं नव्हे, विनोद म्हणून.

अमेरिकन वितरकाला हे झेपणार नाही हे उघड आहे. खरं सांगायचं तर आपल्यालाही जड जातं. २०१५ साली मालाडच्या मालवणीत मिथेनॉलवाल्या दारूनं शंभराच्या आसपास माणसं दगावली. औद्योगिक अल्कोहोलमध्ये बहुधा हेच मिथेनॉल असतं, ते शरीरात गेलं की डोळ्यांची नस मारतं. मुंबईच्या माणसाला यावर हसायला सांगणं अवघडच.

तरीही कापणं चूक होतं असं मला वाटतं. सिनेमाभर बाप मुलाला बजावत असतो की हे युद्धतंत्र वापरू नकोस, पिऊन लढशील तर थांबायचं कुठं ते तुला कळणार नाही. भर रस्त्यात त्यापायी मुलगा मार खातो, बाप त्याला घराबाहेर काढतो. एवढी तयारी करून ठेवलेली. त्या सगळ्याचा हिशोब चुकता होतो तो शेवटच्या प्रसंगात. तो काढला की बापाची ताकीद म्हाताऱ्याची उगाच कटकट ठरते आणि दारू प्यायल्यानं माणूस जिंकतो एवढंच उरतं. चव बिघडवणारा विनोद होता हे कबूल, पण त्याच्यावाचून उरलं ते जास्त बेजबाबदार आहे.

‘पण मूळ निगेटिव्ह आहे ना, मग पूर्ण आवृत्ती काढायला काय जातं?’

जातं ते हक्कांपाशी. हाँगकाँगच्या निर्मात्यांनी प्रत्येक देशासाठी हक्क वेगळे विकले, काही ठिकाणी थिएटरचे एकाला आणि व्हिडिओचे दुसऱ्याला. पुढे निर्मात्यांचे साठेच विकले गेले. शॉ ब्रदर्सचे ७६० चित्रपट २०००च्या सुमारास ‘सेलेस्टियल पिक्चर्स’कडे गेले. त्याआधी यातले बरेच चित्रपट वर्षानुवर्षं घरबसल्या पाहायला अधिकृतपणे मिळतच नव्हते, चाहते थिएटरच्या आठवणींवर आणि चोरट्या टेपवर दिवस काढत. गोल्डन हार्वेस्टचा मोठा साठा पुढे ‘फॉर्च्युन स्टार’कडे आला. एका देशातल्या कंपनीकडे फक्त इंग्रजी आवृत्तीचे हक्क असतील तर पूर्ण कँटनीज सिनेमा जगात कुठंतरी असूनही ती छापू शकत नाही, किंवा त्यासाठी जास्तीचे पैसे मोजायला तयार नसते.

शिवाय कापलेला तुकडा निगेटिव्हमध्ये सापडला नाही तर तो जुन्या प्रिंटवरून किंवा व्हिडिओ टेपवरून घ्यावा लागतो. म्हणून ‘अनकट’ आवृत्तीत मधूनच चित्र मळकट झालं तर डिस्क खराब आहे असं समजू नये. कुणीतरी धडपड करून ते दृश्य शोधून आणलंय. मला अशा आवृत्त्या जास्त आवडतात.

‘डब केलेलंच पाहून मोठे झालो, आता कशाला?’

रास्त आहे. हिंदीतला जॅकी चॅन ही वेगळीच मजा आहे आणि ती कुणी हिरावून घेत नाही. इंग्रजीतसुद्धा जॅकीचं डबिंग जॅकीनंच केलंय, त्यामुळे ते अगदीच परकं वाटत नाही. पण डब करताना संवाद ओठांच्या हालचालीला जुळवावे लागतात, म्हणजे मजकूर बदलतो. त्यातून एक छुपी लबाडी जन्माला आली. काही डिस्कवर आवाज कँटनीज असतो, पण खालची इंग्रजी सबटायटल्स कँटनीजवरून भाषांतर केलेली नसतात, इंग्रजी डबिंगची जशीच्या तशी उतरवलेली असतात. यांना चाहते ‘डबटायटल’ म्हणतात. ओळखायचं कसं? पडद्यावर माणूस गप्प आहे आणि खाली वाक्य आलं, की समजावं.

जुन्या हाँगकाँग प्रिंटवर चिनी आणि इंग्रजी सबटायटल्स कायमची छापलेली असत. १९६३नंतर ब्रिटिश सरकारच्या नियमानं इंग्रजी सबटायटल्स सक्तीची झाली होती. घाईत आणि कमी पैशांत केलेली ती इंग्रजी इतकी विचित्र असे की तिचे स्वतंत्र चाहते आहेत. पण निदान ती कँटनीज संवादावरून केलेली असे.

विकत घेण्याआधी

डिस्कची पुढची बाजू विसरा, मागची वाचा. आवाजाच्या यादीत ‘कँटनीज मोनो’ (मोनो म्हणजे एकाच चॅनलचा आवाज) किंवा ‘ओरिजिनल थिएट्रिकल’ असं काही दिसतंय का ते पाहा. नुसतं ‘५.१’ असेल तर जुना मोनो आवाज सहा स्पीकरांत पसरताना ठोशांचे आवाज नव्यानं भरलेले असू शकतात. हा खेळ बऱ्याच डिस्कवर झालाय आणि प्रत्येक ठोसा दार आपटल्यासारखा वाजतो. सबटायटल्ससाठी ‘न्यूली ट्रान्सलेटेड’ असे शब्द शोधा. चित्रासाठी ‘ओरिजिनल कॅमेरा निगेटिव्ह’. मिनिटं पाहा आणि पालचा हिशोब लक्षात ठेवा. ‘द लेजंड ऑफ...’ असं अमेरिकन नाव ठळक असेल तर शेवट बहुधा अमेरिकन असणार.

चित्र आणि आवाज यांत एकच निवडायची वेळ आली तर मी डोळे झाकून आवाज निवडेन. अंधूक चित्राला डोळा पाच मिनिटांत सरावतो. बदललेल्या पार्श्वसंगीताला आणि उसन्या आवाजाला कान शेवटपर्यंत सरावत नाही.

पैसे भरण्याआधी रीजन कोड, म्हणजे डिस्क कोणत्या देशांतल्या प्लेअरवर चालेल ते ठरवणारी खूण, मात्र नक्की बघा. डीव्हीडीच्या हिशोबात भारत रीजन ५, हाँगकाँग ३, अमेरिका १. ब्लू-रेमध्ये भारत ‘सी’, हाँगकाँग आणि अमेरिका दोन्ही ‘ए’, इंग्लंड ‘बी’. म्हणजे परदेशातल्या भाच्यानं हौसेनं पाठवलेली ब्लू-रे इथल्या साध्या प्लेअरवर चालेलच असं नाही. ४के अल्ट्रा एचडी डिस्कला ही अडचण नाही, ती कुठलीही कुठंही चालते. पण त्यासाठी ४केचा वेगळा प्लेअर लागतो, आणि त्याच खोक्यात जोडीला दिलेल्या साध्या ब्लू-रेला रीजन असू शकतो. खास मुलाखती आणि माहितीपट कित्येकदा नेमके त्याच डिस्कवर असतात.